भीमाला काहीतरी जड द्या

माझी तक्रार मुळात दगडांबद्दल आहे. पैलवानांबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते बिचारे सांगितलेलं करतात.

पुराणातला म्हणा, बायबलातला म्हणा, ग्रीकांचा म्हणा, कुठलाही बलदंड वीर पडद्यावर आला की पहिल्या अर्ध्या तासात तो दगड उचलतो. मानेच्या शिरा तटतटतात, खालचा ओठ दातांत जातो, पोटऱ्या थरथरतात. इथवर सगळं रीतसर असतं. मग तो दगड फेकतो, दगड जमिनीवर पडतो आणि उडतो. एकदा उडून त्याचं भागत नाही, पुन्हा उडतो. ज्या सैनिकासाठी तो फेकलेला असतो तो सैनिक दगड पोचायच्या आतच मेलेला असतो, आणि 'धडाम्' हा आवाज त्या दोघांच्याही मागून, आपल्या सवडीनं येतो. लहानपणापासून हे बघतोय. याची दाद कुठे मागायची ते फोंड्यात अजून कुणी मला सांगू शकलेलं नाही.

आमच्या पिढीला हे वीर भेटले ते चवथीच्या दिवसांत. भाड्यानं व्हिडिओ आणायचा आणि रात्रभरात तीन सिनेमे उरकायचे, अशी पद्धत होती. पहिला घरच्या म्हाताऱ्यांसाठी देवाधर्माचा, दुसरा अमिताभचा, आणि तिसरा, जो कॅसेटवाला बळेच गळ्यात मारी, तो दारासिंगचा. पहाटे सगळे भिंतीला टेकून घोरत असत. मी एकटा जागा राहून दारासिंगचं काम तपासत असे.

आणि काम तरी किती! 1964 या एका सालात तो नानाभाई भटांच्या 'सॅमसन'मध्ये सॅमसन झाला आणि 'हर्क्युलिस'मध्ये हर्क्युलिस. पुढच्याच वर्षी 'सिकंदर-ए-आझम'मध्ये सिकंदर, आणि बाबूभाई मिस्त्रींच्या 'महाभारत'मध्ये भीम. दोन वर्षांत गाझा, ग्रीस, मॅसिडोनिया आणि कुरुक्षेत्र! एवढ्या बदल्या आमच्याकडे तलाठ्याच्याही होत नाहीत. बदलीच्या प्रत्येक ठिकाणी छाती तीच. 1976 साली 'बजरंगबली'त तेवढं शेपूट वाढलं.

बरं, माणूस खोटा असता तर मी गप्प बसलो असतो. पण दारासिंग खरा होता. दोनशे किलोच्या घरातल्या किंगकाँग नावाच्या मल्लाशी तो झुंजला होता. 1968 साली मुंबईत त्यानं अमेरिकेच्या लू थेझला पाडलं. अशा माणसाला तुम्ही पुठ्ठ्याचा दगड देता? हे म्हणजे नावाजलेल्या आचाऱ्याला जेवणावळीला बोलवायचं आणि त्याच्याकडून नुसती केळीची पानं मांडून घ्यायची. त्या दगडाखाली दारासिंगच्या चेहऱ्यावर जे कष्ट दिसतात ते मला कधी वजनाचे वाटले नाहीत. तो दगड हातून चुरगळू नये म्हणून चाललेली ती काळजी होती.

बाबूभाई मिस्त्रींना या क्षेत्रात 'काला धागा' म्हणत. 1937 सालच्या 'ख्वाब की दुनिया'त त्यांनी काळ्या दोऱ्यानं वस्तू हवेत नाचवल्या आणि न दिसणारा माणूस दाखवला, तेव्हापासून ते नाव पडलं. पुढे निम्मी पुराणं या माणसानं दोऱ्यावर तोलून धरली. दोऱ्याबद्दल माझी काहीच हरकत नव्हती, कारण तो दिसत नसे. आता जुने सिनेमे घासूनपुसून, लख्ख करून भिंतीएवढ्या टीव्हीवर दाखवतात. त्यात दोरा दिसतो. सिंहाची शिवण दिसते. राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसते, ती अर्ध्यावर अडकलेली आहे हेही दिसतं. ज्या गोष्टी झाकण्यासाठी एकेका कारागिरानं आयुष्य घालवलं त्या उजेडात आणण्याचं हे काम कुणी कुणाच्या सांगण्यावरून काढलं, याचा खुलासा झाला पाहिजे.

हा दोष आपल्याच लोकांचा असता तर घरातली गोष्ट म्हणून मी झाकून नेली असती. पण मूळ रोग इटलीचा. 1914 साली तिकडे 'काबिरिया' नावाचा भला मोठा मूकपट निघाला. त्यातला माचिस्ते नावाचा बलदंड गुलाम बार्तोलोमेओ पागानो यानं केला. हा पागानो जेनोवाच्या बंदरावरचा हमाल. म्हणजे या धंद्यातला पहिला माणूस खरोखर ओझी वाहणारा होता, हे लक्षात घ्या. आमच्या मुरगाव बंदरावरून एखाद्याला उचलून थेट पडद्यावर घालावं तसा. हमालाला नट केला आणि जगातलं एक खरं ओझं तेवढं न उचललेलं राहिलं. चव्वेचाळीस वर्षांनी, 1958 साली, स्टीव्ह रीव्ह्ज हा अमेरिकन शरीरसौष्ठवपटू तिथेच जाऊन हर्क्युलिस झाला, सिनेमा धो धो चालला, आणि पुढची सहा-सात वर्षं इटलीत ज्याचा दंड फुगतो तो राजपुत्र असा कायदा झाला.

हे सिनेमे अमेरिकेत गेले की वीराचं नाव बदलत. माचिस्ते तिकडे कुणाला ठाऊक नाही, म्हणून तोच माणूस इंग्रजीत एकदा सॅमसन होई, एकदा गोलायथ, एकदा हर्क्युलिसचा मुलगा. ओठ इटालियन बोलतात, आवाज तिसऱ्याच कुणाचा, आणि बाप चौथा. गोव्यात असला प्रकार खपला नसता. इथे माणूस केरीचा तर केरकर, मडकईचा तर मडकईकर, कवळ्याचा तर कवळेकर. नाव काहीही सांगा, तिसऱ्या प्रश्नाला कुलदेव कुठला हे निघतंच. माचिस्तेला एखाद्या म्हातारीसमोर पाच मिनिटं बसवला असता तर त्याचा वाडा, महाजनकी आणि आजोळ बाहेर आलं असतं.

सॅमसनचं प्रकरण तर मी पूर्ण तपासलं आहे. बायबलात 'शास्ते' नावाचं पुस्तक आहे, त्याच्या सोळाव्या अध्यायात ही गोष्ट येते. पलिष्ट्यांना कळतं की याचं बळ केसांत आहे. दलीला त्याला मांडीवर निजवते, माणूस बोलावून त्याच्या सात बटा कापून घेते. डोळे काढतात, बेड्या घालतात, गाझाच्या तुरुंगात जात्याला जुंपतात. इथवर बंदोबस्त चोख. पण पुढे त्याचे केस वाढू लागतात आणि तुरुंगात कुणाच्याही ते ध्यानात येत नाही! बळ केसांत आहे हे शोधायला दलीलाला पैसे दिलेत, आणि महिन्याला एक न्हावी ठेवायला तुमच्याकडे तरतूद नाही?

मग त्याला दागोनच्या देवळात आणतात. छतावर सुमारे तीन हजार माणसं, आणि ती सगळी इमारत मधल्या दोन खांबांवर. तेही एवढे जवळ की एका माणसाचे दोन हात दोन्हींना पुरावेत. सेसिल डमिलनं 1949 साली 'सॅमसन अँड डिलायला' काढला त्यात हे देऊळ कोसळताना बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी विचारलं नाही की बांधलं कुणी. फोंडा तालुक्यात देवळांना तोटा नाही. शांतादुर्गा, मंगेशी, नागेशी, रामनाथी, कुठल्याही सभामंडपात उभे राहून दोन्ही हात पसरा. एक खांब मिळाला तर दुसरा मिळायचा नाही. म्हार्दोळला म्हाळसेच्या लाकडी खांबाला जोर लावायला गेलात तर जोर लागायच्या आत भटजी विचारतील, आंघोळ झालीय का. यांतले बहुतेक देव सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकानं जुवारी ओलांडून आले. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. एकदा मोडलेलं देऊळ पाहिलेली माणसं पुढचं देऊळ दोन खांबांवर उभं करत नाहीत.

डमिलच्या त्याच सिनेमात सॅमसन झालेल्या व्हिक्टर मॅच्यूरला सिंहाशी झुंजायचं होतं. सिंह माणसाळलेला होता. तरी मॅच्यूर त्याच्या जवळ जाईना. शेवटी सिंहाशी कुस्ती दुसऱ्याच माणसानं केली आणि मॅच्यूरनं जवळच्या दृश्यांत पेंढा भरलेला सिंह मारला. याबद्दल लोक त्याला हसतात. मी हसत नाही. त्या सबंध चित्रपटात एवढा एकच निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

तेलाचा मुद्दा राहिलाच. हे वीर कायम तेलानं निथळत असतात. ऊन असो, काळोखी असो, तळघर असो. आज नारळाच्या तेलाचा भाव काय झालाय ते सोडा, पण एवढा तेलकट माणूस तलवार धरतो कशी? साखळी तोडतो कशी? ती हातातून सुटत कशी नाही? कोल्हापूरकडच्या आखाड्यात तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू कालवतात, आणि कुस्तीला उतरला की पैलवान तीच माती अंगाला आणि समोरच्याच्याही अंगाला लावतो, पकड बसावी म्हणून. सिनेमात माती फक्त गरीब माणसाच्या अंगाला लागते.

कोल्हापूरचं नाव निघालं म्हणून सांगतो. आपल्याकडे एकदा हे काम खरं करून पाहिलं होतं. बाबूराव पेंटरांनी 1920 साली 'सैरंध्री' काढला. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'नं हे कथानक आधीच पेटवून ठेवलं होतं. ते नाटक सरकारनं 1910 साली बंद पाडलं, कारण कीचकाच्या जागी लोकांना कर्झन दिसायला लागला. पेंटरांचा भीम म्हणजे बाळासाहेब यादव, स्वतः पैलवान. कीचक झुंझारराव पवार. भीम कीचकाचं मुंडकं धडावेगळं करतो ते दृश्य इतकं बेमालूम वठलं की थिएटरात लोक घाबरले, बायकांना भोवळ आली, आणि पुढे ते कापावं लागलं. टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. माझा कयास असा की त्या दिवशी या धंद्यानं कानाला खडा लावला. खरा पैलवान, खरी मारामारी आणि खरी दहशत यांतून काय निघतं? भोवळ आणि सेन्सॉर. त्यापेक्षा पुठ्ठा बरा.

त्याच्याही आधी, 1917 साली, फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये साळुंके नावाच्या नटानं राम आणि सीता दोन्ही कामं केली. बायका मिळत नव्हत्या. त्यामुळे अशोकवनात रावणापुढे भेदरून बसलेल्या सीतेचे दंड अंमळ जास्तच कमावलेले दिसतात. मला यात खोट दिसत नाही. ज्याच्या अंगात बळ आहे त्याला बसवून ठेवायचं, ही पुढच्या शंभर वर्षांची रीत तिथेच पडली.

आमच्या वाड्यावर जात्रेला नाटक होतं. पौराणिकच लागतं, सामाजिक केलं तर खुर्च्या लवकर रिकाम्या होतात आणि खाज्यांची दुकानं भरतात. भीमाची भूमिका आमच्याकडे अंगावर जात नाही, वर्गणीवर जाते. त्यामुळे गेली काही वर्षं भीम बारीक आहे. जाडजूड म्हणून जो एक आहे तो धर्मराज करतो, कारण त्याला फार हालायचं नसतं. भीमाला ड्रेपरीवाल्याकडून कापूस भरलेली छाती मिळते. ती घामानं हळूहळू खाली उतरते आणि तिसऱ्या अंकापर्यंत पोट होते. गदा पत्र्याची, सोनेरी रंगाची, आतून पोकळ. मागच्या खेपेला तिच्यात कुणीतरी विड्यांचं बंडल ठेवलं होतं, ते दुर्योधनाच्या मांडीवर सांडलं.

आणि तरी वजन मी पाहिलेलं आहे. पेडणे-डिचोलीकडे सावंतवाडीच्या बाजूची दशावतारी मंडळं येतात. लिहिलेलं नाटक नाही. आख्यान कुठलं आणि कोण काय होणार एवढं ठरलं की बाकीचं तोंडाला येईल ते. रंगायला दुसरा माणूस नाही, आपल्याच पेटाऱ्यावर बसून आरसा गुडघ्यावर टेकवून जो तो आपला चेहरा करतो. पेडण्यातल्या एका देवळाच्या आवारात, पहाटेच्या थंडीत, मी असाच एक भीम बघितला. साठीचा असावा. गाल बसलेले, दंडाला नाव घेण्यासारखं काही नाही. समोरचा कीचक त्याच्या दुप्पट. दोघांनी एकमेकांभोवती फेर धरला, फळ्यांवर पाय आपटले. मग भीमानं नुसता हात उगारला. कीचकापासून तो हात सहज वीतभर लांब होता. त्याच क्षणी पखवाजवाल्यानं थाप दिली, आणि तो धिप्पाड कीचक तीन पावलं मागे जाऊन बसला. माझ्यापुढे बसलेल्या पोरानं पाय पोटाशी ओढून घेतले.

दगड नाही, दोरा नाही, तेल नाही. सगळं बळ त्या पखवाजवाल्याच्या उजव्या तळव्यात. पुढच्या झटापटीत तो विडी पेटवायला वाकला तेव्हाच हे माझ्या लक्षात आलं. भीमानं हात मारला, आवाज आला नाही, कीचक पडला नाही. भीमानं वळून पखवाजवाल्याकडे असं काही बघितलं की विडी खाली गेली. मग त्यानं तोच हात पुन्हा मारला आणि कीचक रीतसर पडला. दगडाच्या आवाजाची वाट बघत आयुष्य गेलेल्या माणसाला ही शिस्त बघून काय वाटलं असेल ते मी लिहीत बसत नाही.

दूरदर्शननं 1988 साली 'महाभारत' आणलं तेव्हा मला वाटलं, आता झालं काम. भीम कोण, तर प्रवीणकुमार. सीमा सुरक्षा दलातला माणूस, थाळीफेकीत 1966 आणि 1970 अशा दोन आशियाई स्पर्धांचा सुवर्णपदकवाला, ऑलिंपिकला जाऊन आलेला. दाराच्या चौकटीत मावेना असा देह. आणि या माणसाच्या हातात दिली गदा. पुरुषांची थाळी दोन किलोची असते. ती गदा तेवढी तरी भरली असती का, असा संशय मला दर रविवारी सकाळी येई. देशासाठी थाळी फेकणाऱ्याला फेकायला काहीतरी द्या ना! त्याला बहुतेक वेळ दिला गेला तो द्यूतसभेत दात-ओठ खात खाली बसायला.

आता तर पुठ्ठाही गेला. हल्ली वीर हिरव्या पडद्यापुढे रिकामे हात वर करतो आणि डोंगर मागाहून संगणकावर बसवतात. 'आदिपुरुष'ची पहिली झलक 2022 साली आली तेव्हा लोक एवढे भडकले की सिनेमा पुढे ढकलून 2023च्या जूनमध्ये आणावा लागला. लोकांचा राग रावणाच्या दाढीवर आणि वानरांवर होता. माझा साधा मुद्दा होता, पुठ्ठ्याचा दगड निदान खाली पडत तरी होता. हा पडतच नाही. वीरानं हात खाली घेतले तरी दगड जागेवर.

या सगळ्याचा परिणाम घरात दिसतो. माझा भाचा व्यायामशाळेत जातो. दंड असे की शर्टाच्या बाह्या त्याला उपरण्यासारख्या दिसतात. सकाळी सहा अंडी, संध्याकाळी डब्यातली पूड. पावसाळ्यात आमच्या हॉलच्या भिंतीला ओल आली म्हणून लोखंडी कपाट दोन हात सरकवायचं होतं. त्याला हाक मारली. तो आला, कपाटाकडे बघितलं, मग आरशाकडे बघितलं, आणि म्हणाला, "मामा, आज लेग डे आसा." दुसऱ्या दिवशी खांदा होता. तिसऱ्या दिवशी विश्रांती. स्टीव्ह रीव्ह्जचासुद्धा पॉम्पेच्या सिनेमात रथ झाडावर आदळून खांदा निखळला होता, हे मीच एकदा त्याला कौतुकानं सांगितलं होतं. ते त्यानं बरोबर लक्षात ठेवलं. शेवटी गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा पोरगा आला, पन्नास किलोचाही नसेल, त्यानं पाठ लावून कपाट सरकवलं आणि पुस्तकावर सही मागितली. त्याला भीम कर म्हणून मी कमिटीला सुचवलं. त्याची वर्गणी किती, एवढंच त्यांनी विचारलं.

यंदाच्या जात्रेसाठी कमिटीनं एलईडीची भिंत ठरवली आहे. पुण्याहून कुणीतरी कीचकवध तयार करून पेनड्राइव्हवर आणून देणार आहे. भीमानं पुढे उभं राहून फक्त हातवारे करायचे. दगड फुटतील, खांब पडतील, धूर निघेल, सगळं भिंतीवर. मी लेखी हरकत घेतली. त्यात दोनच मागण्या केल्या: भीमाला निदान स्वतःची खुर्ची उचलता आली पाहिजे, आणि आवाज मारानंतर नको, माराबरोबर हवा. अर्ज वाचून दाखवला गेला आणि "तांत्रिक बाब" म्हणून एलईडीवाल्याकडे पाठवला गेला.

मग पखवाजवाल्यानं विचारलं, मी थाप मारायची की पेनड्राइव्ह मारणार? तो पेडण्याचा, दरवर्षी आमच्याकडे येतो. कमिटीत थोडी कुजबूज झाली. अध्यक्षांनी त्याला सांगितलं, "तू मार नको. पण बस तिथेच. लाइट गेली तर तूच."

लाइट दरवर्षी जाते. कीचक कधी मरतो त्यावर अवलंबून आहे.